‘तरुणी बेपत्ता’ : एका माहितीपटाच्या संहितेचं प्रकरण

काम तसं साधं होतं. मुंबईतल्या एका निर्मिती संस्थेची गुन्ह्यांवरची मालिका, एका भागात एक खुनी. गोव्याच्या भागासाठी त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: पंचेचाळीस मिनिटांचं मराठी निवेदन, आणि लोक कोंकणीतून जे बोलतील त्याचं मराठी. फोंड्यात राहणारी, वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलेली बाई म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. गोव्याचा भाग कुणावर, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

हे टिपण त्या कामाचं. संहितेचे सात खर्डे झाले, त्यातले पाच माझ्याकडे आहेत. संस्थेचं नाव देत नाही. ती काही जगावेगळी वाईट नव्हती, मानधन तर वेळेवर दिलं. दिग्दर्शक तिशीतला, मेहनती, मला ‘ताई’ म्हणणारा. वाईट माणसं आणि चांगले आपण, अशी ही गोष्ट असती तर लिहायला सोपी गेली असती.

आधी माहीत असलेलं

महानंद नाईक, शिरोड्याचा रिक्षावाला. 2009 साली पोलिसांनी त्याला अटक केली. 1994 पासून पुढच्या पंधरा वर्षांत सोळा बायकांचे खून केल्याचा आरोप. पद्धत ठरलेली: गरीब घरातली, लग्न न जमलेली मुलगी हेरायची, ओळख वाढवायची, लग्नाचं बोलायचं. मग ‘घरच्यांना भेटवतो, दागिने घालून ये’ म्हणून बोलवायचं, आडबाजूला न्यायचं आणि तिच्याच दुपट्ट्यानं गळा आवळायचा. दागिने नंतर विकायचे. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. जानेवारी 2023 मध्ये त्याला 21 दिवसांची फर्लो, म्हणजे तुरुंगातून रजा, मिळाली, तेव्हा गोवाभर पुन्हा गदारोळ झाला.

नाव लिहिलं, कारण खुन्याचं नाव न घेण्याची जी पद्धत अलीकडे निघाली आहे ती इथं नाटक ठरेल. फोंडा तालुक्यात ते नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे. न सांगता येणारी नावं वेगळीच आहेत, त्यांच्याकडे येते.

सोळा

पहिल्या खर्ड्याचं पहिलं वाक्य असं होतं: ‘सोळा निष्पाप तरुणींना यमसदनी धाडणारा नराधम.’ ‘निष्पाप’, ‘यमसदनी’ आणि ‘नराधम’ हे तिन्ही शब्द मी काढले, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. भांडण झालं ते ‘सोळा’वरून.

हा आकडा आला कुठून? पोलिसांच्या तपासातून, मुख्यतः कोठडीत त्यानं जे सांगितलं त्यातून. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगतं, नव्या कायद्यातही तेच राहिलं आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग तेवढा चालतो. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी विकलेली सोन्याची साखळी सोनारानं कधीच वितळवलेली असते, हाडं कुणाची हे सांगता येत नाही. पोलिसांना ‘कळलेलं’ आणि न्यायालयात ‘शाबीत झालेलं’ यांत इतकं मोठं अंतर पडतं ते यामुळे.

संहितेला हे अंतर नको होतं. तिला कबुलीजबाबाचं नाट्यरूपांतर हवं होतं: अंधारी खोली, एक बल्ब, घाम, आणि एकामागून एक सोळा कबुल्या. मी म्हटलं, आधी ‘आरोप’ तरी म्हणा. दिग्दर्शक म्हणाला, “ताई, प्रत्येक वाक्यात आरोप-आरोप केलं तर माणूस दहाव्या मिनिटाला झोपेल.” खरं आहे ते. मीही झोपले असते.

त्या संध्याकाळी घरी मात्र मला माझाच मुद्दा टोचायला लागला. ज्या खटल्यात तो सुटला, त्या मुलीच्या भावाच्या बाजूनं बघा. कायद्याच्या दृष्टीनं त्याच्या बहिणीचा खून कुणीच केलेला नाही. पडद्यावर कुणी ठामपणे ‘यानंच मारलं’ म्हटलं, तर न्यायालयानं न दिलेलं काहीतरी त्याला मिळेल. आणि मी तिथं ‘कथितरीत्या’ घालायला बसलेय. ‘कथितरीत्या’ हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा लिहिला असेल. तो कुणाच्या तरी घरात कसा वाचला जातो, याचा विचार तेव्हा पहिल्यांदा केला. तरीही शेवटी ‘सोळा खुनांचा आरोप’ हेच ठेवलं. सोळापैकी एखादी दुसऱ्याच कुणी मारलेली असेल, तर त्या दुसऱ्याला आपण टीव्हीवरून सोडून देतोय. हे कारण दिल्यावर दिग्दर्शक गप्प झाला आणि चौथ्या खर्ड्यापासून ‘आरोप’ राहिला. कबुलीजबाबाचा बल्बही राहिला.

पर्वरीचं जेवण

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना पर्वरीला ‘ओ कोकेरो’मध्ये जेवायचं होतं. का, ते गोव्यात सांगायला लागत नाही. 6 एप्रिल 1986 रोजी तिथं चार्ल्स शोभराज पकडला गेला. तीन आठवडे आधी, 16 मार्चला, पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून पळाला होता. त्याला ओळखून धरणारे मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे. 1971 सालीही त्यांनीच त्याला धरलं होतं. पळण्यामागचा हिशेब असा सांगतात की पुन्हा पकडलं जावं, शिक्षा वाढावी, आणि थायलंडच्या ताब्यात जाण्याची वेळ टळावी, कारण तिथं फाशीची भीती होती. हिशेब जमला. 1997 साली भारतातून सुटला, 2003 साली काठमांडूत पकडला गेला, डिसेंबर 2022 मध्ये तिथूनही सुटून फ्रान्सला गेला.

रेस्टॉरंटमध्ये त्याचा पुतळा बसवलेला आहे. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या, कॅमेऱ्याच्या लेन्सा पुसणाऱ्या पोरानं पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. मी त्याला काही बोलले नाही. पुतळा आहे म्हणजे फोटोसाठीच आहे, पोराचं काय चुकलं?

पण जेवताना एक गोष्ट डोक्यात आली ती आली. शोभराजला पेपरवाल्यांनी नाव दिलं ‘बिकिनी किलर’. आमच्याकडच्याला ‘दुपट्टा किलर’. दोन्ही नावं मेलेल्या बाईच्या अंगावरच्या कपड्यावरून आली आहेत. तिचं सगळं गेलं, एक कपडा उरला, आणि तोही आम्ही खुन्याला बिरुद म्हणून दिला. आम्ही म्हणजे वर्तमानपत्रं. 2009 साली आमच्या डेस्कवरही हे बिरुद मथळ्यात बसलं होतं, कारण अक्षरं कमी लागतात.

मी हे टेबलावर बोलून दाखवलं. दिग्दर्शकानं वहीत लिहून घेतलं. पुढच्या खर्ड्यात ते वाक्य निवेदनाच्या सुरुवातीला आलं, आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत भागाचं शीर्षक: ‘दुपट्टा किलर’. दोन्ही एकाच चौकटीत! त्याला यात काही विसंगत वाटलं नाही. उलट ‘तुमची ओळ फार स्ट्राँग आहे, ताई’ म्हणाला.

पर्वरीला पुतळा आहे, शिरोड्याला कधी होणार नाही. शोभराजच्या हातून मेलेले बहुतेक लोक लांबून आलेले परदेशी प्रवासी होते. त्यांच्या आया पर्वरीच्या रस्त्यानं कधी जाणार नाहीत. शिरोड्याला मात्र कामाक्षीच्या देवळात जत्रेला गेलं तर शेजारी कोण उभं असेल सांगता येत नाही. खुन्याला मिरवायचं असेल तर मेलेल्यांचं गाव दूर असावं लागतं. ओटीटीवरच्या मालिका नेमकं हेच करतात. कुणाचंही गाव सगळ्यांसाठी दूरचं करून टाकतात.

नावं

सर्वांत जास्त वेळ यात गेला, आणि सर्वांत कमी हाती लागलं तेही इथंच.

तिसऱ्या खर्ड्यात शेवटी एक दृश्य होतं: काळा पडदा, मंद तंबोरा, आणि सोळा नावं फोटोंसकट वर सरकताहेत. ‘श्रद्धांजली’ असं वर लिहिलेलं. दिग्दर्शकाचा हेतू चांगला होता. परदेशात या मालिकांवर टीका झाली ती याचसाठी, की खुन्याचा चेहरा लक्षात राहतो आणि मेलेल्यांचा आकडा. त्याला ते चुकवायचं होतं.

मी त्याला अमेरिकेतलं एक उदाहरण दिलं. जेफ्री डामरनं सतरा जणांना मारलं. 2022 साली त्याच्यावरची मालिका आली, तेव्हा मेलेल्या एका मुलाच्या बहिणीनं जाहीरपणे सांगितलं की मला कुणी विचारलंसुद्धा नाही. 1992 साली न्यायालयात ती जे बोलली, जशी ओरडली, ते एका नटीकडून जसंच्या तसं करून घेतलं होतं, कपडे-केसांसकट. न्यायालयातलं बोलणं सार्वजनिक, म्हणून परवानगी लागली नाही.

आपल्याकडेही मूळ नियम साधारण हाच आहे, आणि गंमत म्हणजे तो एका खुनी रिक्षावाल्याच्याच प्रकरणातून आला. मद्रासच्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाला छापायचं होतं. त्यात अधिकाऱ्यांची नावं होती, म्हणून तुरुंग खात्याचा विरोध. 1994 साली सर्वोच्च न्यायालयानं ‘आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य’ या निकालात सांगितलं, की सार्वजनिक अभिलेखात जे आहे ते संमतीशिवाय छापता येतं. पण त्यातच एक अपवाद ठेवला: लैंगिक अत्याचार, अपहरण किंवा तशाच गुन्ह्याला बळी पडलेल्या स्त्रीचं नाव प्रसिद्ध करून तिची आणखी विटंबना होऊ नये. बलात्काराच्या गुन्ह्यात ओळख उघड करणं तर सरळ गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम 228-अ, आता न्याय संहितेचं 72. आणि 2018 साली निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालय त्याही पुढे गेलं: बाई मेलेली असली तरी, जवळच्या नातेवाइकानं ‘हो’ म्हटलं तरी नाव देता येणार नाही. द्यायचंच असेल तर ते योग्य की नाही हे सत्र न्यायाधीश ठरवतील.

मी हे सगळं दीड पानात लिहून पाठवलं. संस्थेच्या वकिलाचं उत्तर आलं. त्याचा सूर वेगळा होता: दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 साली सुशांतसिंह राजपूतच्या प्रकरणात सांगितलंय की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, इंद्राणी मुखर्जीवरच्या मालिकेविरुद्ध सीबीआय मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, न्यायाधीशांनी मालिका पाहिली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये याचिका फेटाळली. थोडक्यात, करता येतं. तरी ज्या प्रकरणांत अत्याचाराचाही संशय आहे तिथं नावं गाळू, एवढं त्यानं मान्य केलं. मग कुणाचं नाव दिसतंय आणि कुणाचं नाही, यावरून गाव काय ते समजेल, हे मी कळवलं. त्यावर सगळीच नावं गेली.

आणि इथं मी जिंकून हरले. नवा खर्डा वाचला तर खुन्याला नाव, गाव, बालपण, बायको, रिक्षाचा रंग, सगळं होतं. बायका मात्र ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘पाचवी’ झाल्या होत्या. बाईची अब्रू राखायला केलेला कायदा पाळायचा, तर गोष्टीत माणूस म्हणून एकटा पुरुषच उरतो. मग मी सुचवलं की नाव नको, पण तिचं काही सांगू या: ती कुठं काम करायची, घरात कितवी, पगारातून काय घेतलं. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला थांबले. गोव्यात नाव लागतच नाही. तालुका, वाडा, काजूच्या कारखान्यात कामाला आणि बापाला दारू, एवढं म्हटलं की लोक घराचं दार दाखवतील.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शेवटच्या खर्ड्यात मी ‘पहिली’, ‘दुसरी’ काढून वर्षं घातली: ‘1994 साली जी गेली ती’. जरा बरं वाटतं वाचायला. फार नाही.

वाड्यावर

नातेवाईक हवेतच, असं वरून सांगण्यात आलं. एक घर तरी. मला यादी दिली आणि म्हटलं, तुम्ही गावातल्याच, तुम्हाला ‘नाही’ म्हणणार नाहीत. हे वाक्य मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं. आता वाटतं, सगळ्या कामात सर्वांत ओंगळ वाक्य तेच होतं. माझी ओळख म्हणजे त्यांना दार उघडायची किल्ली होती.

तरी मी गेले. एकटी, कॅमेऱ्याशिवाय. गाडी खाली रस्त्यावर ठेवली आणि पायवाटेनं वर निघाले. वाटेत नळावर एक म्हातारी कळशी भरत होती. घर कुठलं ते मी विचारलं. तिनं माझ्या पर्सकडे बघितलं, पायांतल्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, “परत आयल्यो?”

आल्या, अनेकवचनी. मी एकटीच होते. 2009 साली आलेल्या, 2023 साली फर्लोच्या वेळी माइक घेऊन आलेल्या, त्या सगळ्यांत तिनं मला धरलं होतं. आणि बरोबरच होतं ते.

मी कळशी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला हात लावला आणि परत फिरले. संस्थेला कळवलं की घरी कुणी भेटलं नाही. हे खोटं होतं, आणि या टिपणात ते असलं पाहिजे. ‘मी विचारायला नकार देते’ असं लिहिण्याची हिंमत झाली नाही, कारण अर्धं मानधन यायचं होतं.

सिंगल

माझ्या मते माहितीपट कशावर हवा होता, ते मी पाचव्या खर्ड्याबरोबर वेगळ्या कागदावर लिहून दिलं. ते इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथं ते कुणी वाचलं नाही.

एक माणूस पंधरा वर्षं हे करत राहतो, यात त्याची हुशारी किती? जवळजवळ शून्य. तो रिक्षा चालवायचा, दिवसाउजेडी भेटायचा, एकच युक्ती पुन्हा पुन्हा वापरायचा. एवढ्याशा तालुक्यात ते चाललं, कारण मुलगी हरवणं ही गोष्टच वेगळी समजली जायची. दागिने घालून घराबाहेर पडलेली, लग्नाचं वय झालेली मुलगी परत आली नाही, तर ती ‘हरवली’ नाही, ‘पळाली’. घरचे चार दिवस वाट बघणार, मग लाजेनं गप्प. पोलिसात गेलेच तर तिथला माणूसही हेच म्हणणार: गेली असेल कुणाबरोबर, येईल. हुंडा द्यायला पैसे नाहीत अशा घरात तर, कुणी न सांगता, एक सुस्काराही पडत असेल. कटू आहे, पण आहे.

त्यातून नोंदी तुटक. हरवल्याची तक्रार एका पोलीस ठाण्याच्या वहीत. अनोळखी प्रेत सापडलं तर ते दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, अनैसर्गिक मृत्यू म्हणून, दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. 2009 साली एका मोबाइल फोनचा माग लागला, म्हणून धागा मिळाला. त्याआधी मोबाइल नव्हते तर वह्या होत्याच की!

आणि तिसरी वही आमची होती. मी 1999 साली डेस्कवर लागले. ‘तरुणी बेपत्ता’ हा आमचा कायमचा सिंगल, म्हणजे एका कॉलमाची छोटी बातमी. पोलिसांकडून चिठ्ठी यायची, चार ओळींची बातमी व्हायची: वय अमुक, उंची पाच फूट, रंग सावळा, अंगात फिकट पिवळा पंजाबी ड्रेस व त्याच रंगाचा दुपट्टा, आढळल्यास संपर्क साधावा. पानाच्या तळाला जागा उरली की ती टाकायची, जाहिरात आली की काढायची. दहा वर्षांत अशा किती लावल्या, मी मोजल्या नाहीत. एकदाही दोन शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. उप-संपादक म्हणून शुद्धलेखन मात्र तपासलं. ‘दुपट्टा’ की ‘ओढणी’, यावर आमच्याकडे एकदा वादही झाला होता.

म्हणून मी सुचवलं की माहितीपटात खुनी दिसूच नये. ते सिंगल दाखवा. एकामागून एक, तारखांसकट, नाव-वय काळं करून, फक्त कपड्यांचं वर्णन ठेवून. ग्रंथालयात जुने अंक मिळतात, मी स्वतः काढून देते. त्यांच्याखाली माझा आवाज वापरा, मीच त्या लिहिल्या म्हणून सांगते.

दिग्दर्शकाचा फोन आला. त्यानं दोनदा वाचलं होतं, असं म्हणाला, आणि माझा त्यावर विश्वास आहे. “ताई, हे खूप चांगलं आहे. पण यात चेहरा नाही. वरचे लोक विचारतील, माणूस कुठेय?”

माणूस कुठेय! मी हसले, मग तोही हसला. शेवटी सिंगलना चाळीस सेकंद मिळाले, बोरी पुलावरच्या ड्रोनच्या दृश्यानंतर.

फॉर्म

आता माझा भाग.

स्टँडवरचा एक जुना रिक्षावाला बोलायला तयार झाला. सगळ्या माहितीपटात तोच एक माणूस मनापासून बोलला. खुन्याबद्दल फार नाही, स्वतःबद्दल: अटकेनंतर कित्येक महिने एकटी बाई रिक्षेत बसायची नाही, आरशातून मागं बघितलं तरी तिची मान खाली, घरी स्वतःची मुलगी दहावीला होती, तिला शाळेत पोरी ‘बापूय रिक्षा मारता मगे?’, बाप रिक्षा चालवतो ना, म्हणून विचारायच्या. कॅमेरा बंद झाल्यावर त्यानं आम्हाला चहा आणि भजी मागवली, पैसे देऊ दिले नाहीत.

जायच्या आधी संस्थेच्या मुलीनं फॉर्म पुढं केला. इंग्रजी, दोन पानं, बारीक टाइप. त्यानं माझ्याकडे बघितलं. तो फॉर्म मी आदल्या रात्री वाचला होता. त्यात लिहिलं होतं की चेहरा, आवाज आणि कथन कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत, कापून-जोडून, कुठल्याही संदर्भात वापरता येईल, ही संमती मागे घेता येणार नाही, मोबदला नाही. मला हे कोंकणीत नीट सांगायला दहा मिनिटं लागली असती. उजेड जात होता, पुढचं ठिकाण बाकी होतं, सगळे गाडीपाशी उभे होते. मी म्हटलं, “टीव्हीर येवपाक सही जाय म्हणटात.” टीव्हीवर येण्यासाठी सही हवी म्हणतात. एवढंच. त्यानं सही केली, आणि खाली माझी, भाषांतर समजावून सांगितल्याबद्दल साक्षीदार म्हणून.

निवेदनातल्या एकेका विशेषणावर मी महिनाभर वाद घातला. समोर बसलेल्या जिवंत माणसाला दोन पानं समजावून सांगायला मला दहा मिनिटं मिळाली नाहीत.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. मुलीचं लग्न ठरत होतं. शाळेत टोमणे ऐकणारी तीच मुलगी, आता नोकरीला. सोयरिकीकडच्या कुणीतरी झलक बघितली होती. झलकेत त्याचं एकच वाक्य होतं, ‘तो आमच्यातलोच आशिल्लो’, तो आमच्यातलाच होता, आणि त्याच्यावर दुपट्टा हवेत उडतोय. वाक्याचा पुढचा भाग, ‘म्हणून तर आमकां भंय दिसलें’, म्हणून तर आम्हाला भीती वाटली, कापला होता. “बाई, माझें तोंड काडून उडयात,” माझा चेहरा काढून टाका, तो म्हणाला. रागावला नव्हता. मला ते जास्त लागलं.

मी संस्थेला मेल केला, मग दुसरा केला, मग दिग्दर्शकाला फोन. त्यानं प्रयत्न केला, हे मी मानते. वकिलाचं म्हणणं होतं की सही आहे, साक्षीदार आहे. साक्षीदार मी होते. मी लिहून दिलं की मी फॉर्म समजावून सांगितलाच नव्हता, माझी सही खोटी धरा. यावर बराच वेळ उत्तर नव्हतं. मग ‘माणुसकी म्हणून’ चेहरा धूसर करायचं त्यांनी कबूल केलं. कापलेलं वाक्य पूर्ण करायला मात्र वेळ निघून गेलेली होती.

भाग लागला त्या रात्री मी स्टँडच्या बाजूच्या चहाच्या गाड्यावर होते. कुणाच्या तरी मोबाइलवर चालू होता, चार-पाच जण वाकून बघत होते. चेहरा धूसर झालेला माणूस बोलायला लागला आणि दोन शब्दांतच एकानं मान वर केली, पलीकडे शेवटच्या रिक्षेकडे बघितलं आणि आवाज वाढवला.